जनरल मोटर्सचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीचा तळेगावचा कारखाना विकला गेला तेव्हापासून तिच्याबद्दल मला सतत काही ना काही विचारलं जातं. कुणाच्या दारात अजून बीट उभी असते, कुणाची तवेरा अजून लग्नाचं वऱ्हाड वाहते, कुणाचा भाऊ त्या कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर होता. त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं फार लांबली आहेत, कारण थोडक्यात सांगितली तर ती चुकीची ठरतात.

'जनरल मोटर्स' नावाची गाडी रस्त्यावर का दिसत नाही?

कारण हे गाडीचं नाव नाही, घराण्याचं आहे. गाडीवर बिल्ला असतो तो शेव्हरोले, ब्युइक, कॅडिलॅक किंवा जीएमसीचा. ओल्ड्समोबिल, पाँटियाक आणि सॅटर्न ही भावंडं होती, ती आता बंद झाली. आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी 'शेवरलेट' असायचं, ती हीच शेव्हरोले.

कंपनी कुणी आणि कधी काढली?

विल्यम ड्युरंटने, १६ सप्टेंबर १९०८ रोजी. कागदोपत्री नोंदणी न्यू जर्सीत झाली आणि सुरुवातीचं भांडवल दाखवलं होतं फक्त २,००० डॉलर. पण कंपनीचं खरं जन्मगाव मिशिगन राज्यातलं फ्लिंट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हापुन्हा येणार आहे.

ड्युरंट मुळात घोडागाडीवाला. १८८६ साली तो फ्लिंटमध्ये एका ओळखीच्या माणसाच्या दुचाकी घोडागाडीत बसला. तिची स्प्रिंग वेगळ्या पद्धतीने बसवलेली होती, त्यामुळे धक्के कमी बसत. ड्युरंटने चौकशी केली, ती गाडी बनवणाऱ्याचं गाव गाठलं आणि १,५०० डॉलरला पेटंटसकट धंदाच विकत घेतला. पैसे बँकेकडून उसने घेतले होते. डॅलस डॉर्ट या भागीदाराबरोबर त्याने तो धंदा अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या घोडागाडी कंपन्यांत नेऊन बसवला.

मोटारगाडी त्याला सुरुवातीला आवडतच नव्हती, तिचा आवाज आणि वास नकोसा वाटायचा. तरी १९०४ साली त्याने ब्युइक कंपनी हातात घेतली. तिचा संस्थापक डेव्हिड ब्युइक मूळचा नळकामाच्या सामानाच्या धंद्यातला. बिडाच्या टबावर पांढरं एनॅमल चढवण्याची पद्धत त्याने शोधली होती. हात कसबी होता, हिशोब मात्र जमत नव्हता. ड्युरंटने चार वर्षांत ब्युइकला अमेरिकेतल्या पहिल्या फळीत आणलं आणि तिच्या जोरावर जनरल मोटर्स उभी केली. मग ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या तो एकामागून एक घेत सुटला.

फोर्ड कंपनीसुद्धा जनरल मोटर्स विकत घेणार होती, हे खरं का?

खरं आहे. १९०९ साली बोलणी झाली होती. हेन्री फोर्डने ८० लाख डॉलर मागितले आणि तेही रोख. बँकांनी ड्युरंटला पैसे द्यायला नकार दिला आणि व्यवहार फिसकटला.

ड्युरंटला त्याच्याच कंपनीतून दोनदा काढलं, ते कसं?

हा माणूस विकत घेण्यात वस्ताद होता. विकत घेतलेलं चालवण्याचा मात्र त्याला कंटाळा. दोन वर्षांत त्याने वीसहून जास्त कंपन्या गोळा केल्या, त्यातल्या काही निव्वळ पोकळ निघाल्या. १९१० साली तिजोरी रिकामी झाली. बँकांनी कर्ज दिलं, पण ड्युरंटला बाजूला व्हावं लागेल ही अट घालून.

तो स्वस्थ बसणारा नव्हता. १९११ साली त्याने लुई शेव्हरोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूच्या नावाने नवी कंपनी काढली. लुईला मोठी, दिमाखदार गाडी हवी होती आणि ड्युरंटला खपणारी. दोघांचं बिनसलं, लुई निघून गेला, नाव मागे राहिलं. पुढे '४९०' नावाची गाडी आली. ४९० डॉलर ही तिची किंमत होती, म्हणून नावही तेच. ती इतकी चालली की ड्युरंटने शेव्हरोलेचे शेअर देऊन जनरल मोटर्सचे शेअर घ्यायला सुरुवात केली आणि १९१६ साली धाकट्या कंपनीच्या बळावर थोरली परत मिळवली.

१९२० च्या मंदीत शेअरचा भाव सावरण्यासाठी तो उधारीवर स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेत राहिला आणि पार बुडाला. रसायनांच्या धंद्यातलं ड्यू पाँ घराणं आणि मॉर्गन बँकेने त्याचं देणं भागवलं आणि त्याला कायमचा निरोप दिला. १९३६ साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली. शेवटी शेवटी तो फ्लिंटमध्येच एक बोलिंगचं केंद्र चालवत होता. १९४७ साली तो गेला. लुई शेव्हरोले त्याच्या आधी, १९४१ साली गेला. ज्याचं नाव कोट्यवधी गाड्यांवर लागलं, त्याच्या गाठीला फारसं काही उरलं नव्हतं. मला या दोघांबद्दल वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

कॅडिलॅकचं एवढं नाव कशामुळे?

आज तिची ओळख चैनीची गाडी म्हणून आहे, पण तिने नाव कमावलं ते अचूक मोजमापावर. डेट्रॉइट शहर १७०१ साली वसवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचं नाव तिने घेतलं. हेन्री फोर्ड ज्या कंपनीतून भांडून बाहेर पडला, तिचंच हे १९०२ सालचं नवं रूप. तिचा कर्ताधर्ता हेन्री लेलँड हा बंदुकांच्या कारखान्यात तयार झालेला बारीक नजरेचा कारागीर होता.

१९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकजवळ तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या गेल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. कानस न लावता सगळं बसलं, आणि गाड्या ५०० मैल धावल्या. त्या काळी एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे भागसुद्धा घासल्याशिवाय एकमेकांना बसत नसत. ज्याने कधी वर्कशॉपमध्ये फिटिंगचं काम केलं आहे, त्याला या प्रयोगाची किंमत वेगळी सांगायला नको.

बटणाने सुरू होणारी गाडीही प्रथम कॅडिलॅकनेच, १९१२ च्या मॉडेलमध्ये आणली. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि उलट झटका बसला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. ती क्षणभरच चालायची, त्यामुळे लहान असली तरी पुरायची. तीच कल्पना त्याने इंजिनाला लावली.

आल्फ्रेड स्लोनने असं काय केलं की व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावा लागतो?

१९२३ साली स्लोन अध्यक्ष झाला तेव्हा जनरल मोटर्सच्याच गाड्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवत होत्या. त्याने प्रत्येकीचा किमतीचा पट्टा आखून दिला. सगळ्यात खाली शेव्हरोले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक कामाला एक गाडी, असं धोरण १९२४ च्या वार्षिक अहवालात लिहिलेलं आहे. पगार वाढला की माणसाने पुढची पायरी चढायची, शिडी मात्र सोडायची नाही.

फोर्डची मॉडेल टी तेव्हा स्वस्त, दणकट आणि बरीच वर्षं फक्त काळी. स्लोनने उलटा रस्ता धरला. ड्यू पाँच्या नव्या, लवकर वाळणाऱ्या रंगामुळे रंगीत गाड्या परवडू लागल्या. हार्ली अर्ल या डिझायनरला १९२७ साली बोलावून गाड्यांच्या रूपासाठी स्वतंत्र विभाग काढला. दरवर्षी थोडं नवं रूप आणायची पद्धत पडली. १९१९ सालीच सुरू झालेली कंपनीची कर्जसंस्था हप्त्यावर गाडी देत होती, आणि जुनी गाडी देऊन नवी घ्यायची सोयही होती. फोर्डने १९२७ च्या मे महिन्यात मॉडेल टी बंद केली. १९३१ पासून सलग ७७ वर्षं जनरल मोटर्स जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी राहिली.

आज शोरूममध्ये विक्रेता बेस मॉडेल दाखवून हळूच टॉप मॉडेलकडे नेतो आणि महिन्याचा हप्ता किती पडेल ते सांगतो. ही सगळी रीत मुळात स्लोनच्या काळात पक्की झाली. त्याच्याइतकं पैशांचं बारीक गणित या धंद्यात आधी कुणी मांडलं नव्हतं. कारखान्यातली माणसं मात्र त्या गणितात फक्त खर्चाच्या रकान्यात होती, आणि १९३६ साली त्याचा हिशोब चुकता करावा लागला.

फ्लिंटचा संप म्हणजे नेमकं काय? त्याचं एवढं महत्त्व का?

माझ्या मते हा या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लाइनचा वेग सतत वाढवला जात होता. मॉडेल बदलायच्या काळात कामगारांना घरी बसवायचे, पुन्हा कुणाला घ्यायचं ते फोरमनच्या मर्जीवर. युनियनचं नाव काढलं की काम गेलं, कारण कंपनीने पगारी खबरे पेरले होते. अशा वातावरणात ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंटमधल्या फिशर बॉडीच्या, म्हणजे गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्याच विभागाच्या कारखान्यांत कामगार काम थांबवून आतच बसले. बाहेर फाटकावर संप केला असता तर कंपनीने दुसरी माणसं आणून लाइन चालू केली असती. आत बसल्यामुळे यंत्रं त्यांच्या ताब्यात राहिली. फिशर बॉडी क्रमांक १ मध्ये गाड्यांच्या पत्र्याला आकार देणारे मोठे साचे, म्हणजे डाय होते. ते अडकले की दूरदूरचे कारखाने आपोआप थंडावत.

आत शिस्त कडक होती. दारूबंदी, पाळीपाळीने झाडलोट, यंत्रांना ओरखडा नाही. झोपायला गाड्यांच्या सीटच्या गाद्या. समोरच्या बाजूला स्वयंपाकघर चालवलं गेलं, तिथून जेवण यायचं. ११ जानेवारीला फिशर क्रमांक २ मधली ऊब बंद केली गेली. मिशिगनच्या जानेवारीत याचा अर्थ काय ते तिथे राहिलेल्या मराठी मंडळींना विचारा. जेवण अडवायला पोलीस आले, अश्रुधुर आणि गोळ्या सुटल्या. आतून कामगारांनी लोखंडी बिजागऱ्या फेकल्या, गारठ्यात पाण्याचे बंब सोडले. कित्येक जण जखमी झाले, सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. त्या रात्री जेनोरा जॉन्सन या २३ वर्षांच्या तरुणीने ध्वनिक्षेपक हातात घेऊन जमलेल्या बायकांना पुढे यायची हाक दिली, आणि बायका पोलिसांची रांग ओलांडून आत शिरल्या. पुढे लाल टोप्या घातलेलं बायकांचं पथकच तयार झालं.

१ फेब्रुवारीला कामगारांनी शेव्हरोलेच्या क्रमांक ९ च्या कारखान्यात गडबड उडवून पहारेकरी तिकडे ओढले आणि इंजिनं बनवणारा क्रमांक ४ ताब्यात घेतला. गव्हर्नर फ्रँक मर्फी यांनी सैन्य शहरात आणलं, पण कामगारांना हुसकवायला ते वापरायला ठाम नकार दिला. ४४ व्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने मोटार कामगारांच्या युनियनला मान्यता दिली. करार जेमतेम एका पानाचा होता. वर्षभरात युनियनचे सभासद हजारांतून लाखांत गेले. अमेरिकेत कारखान्यातला कामगार स्वतःचं घर आणि गाडी घेऊ लागला, मुलांना कॉलेजात पाठवू लागला, त्याची मुळं या एका पानात आहेत.

जनरल मोटर्स भारतात पहिल्यांदा कधी आली? हलोल की तळेगाव?

दोन्ही नाही. मुंबईत शिवडीला, १९२८ साली. परदेशातून सुट्या पेट्यांत आलेल्या गाड्या तिथे जोडल्या जात. भारतातला पहिला मोटार जोडणी कारखाना म्हणून त्याची नोंद आहे. आज शिवडी म्हटलं की किल्ला आणि फ्लेमिंगो आठवतात, पण एके काळी तिथून शेव्हरोलेच्या मोटारी आणि लॉऱ्या बाहेर पडत.

स्वातंत्र्यानंतर सरकारने स्पष्ट सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडीचे भाग इथेच बनवण्याचा आराखडा द्या. जनरल मोटर्सने तो मार्ग धरला नाही आणि १९५४ साली काम बंद केलं. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर मात्र टिकून राहिली, पण तिचं नातं क्रायस्लरशी आणि मग फियाटशी, म्हणजे दुसऱ्याच घराण्यांशी.

मग कॉन्टेसाचा जनरल मोटर्सशी काय संबंध?

हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली आणलेली कॉन्टेसा ही मुळात इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर. व्हॉक्सहॉल १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची होती. म्हणजे कंपनी भारतात नव्हती, तेव्हाही तिच्या घरची गाडी आपल्या रस्त्यांवर पळत होती.

दुसऱ्या महायुद्धात कंपनी दोन्ही बाजूंना होती, असं म्हणतात. खरं किती?

अमेरिकेत १९४२ च्या फेब्रुवारीपासून सगळ्याच कंपन्यांनी लोकांसाठी गाड्या बनवणं थांबवलं. जनरल मोटर्सच्या कारखान्यांतून ट्रक, रणगाडे, तोफगोळे आणि नौदलाची वाइल्डकॅट विमानं बाहेर पडू लागली. त्याच वेळी जर्मनीतली ओपेल कंपनी पूर्णपणे जनरल मोटर्सच्या मालकीची होती आणि तिचे ब्लिट्झ ट्रक जर्मन सैन्य वापरत होतं. युद्ध पेटल्यावर ओपेलचा कारभार अमेरिकेच्या हातात राहिला नव्हता, हे खरं. पण नाझी सत्तेच्या पहिल्या वर्षांत ओपेलने सैन्याला ट्रक पुरवले तेव्हा मालकी कुणाची होती, हेही लपलेलं नाही. नंतर कुणी कितीही सारवासारव केली तरी हा डाग मला पुसट वाटत नाही.

पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पना यांचीच का?

हो. इंजिनातली खडखड थांबवण्यासाठी केटरिंगच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने १९२१ च्या डिसेंबरमध्ये टेट्राएथिल लेड हा शिशाचा पदार्थ वापरून पाहिला. खडखड थांबली. १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून ते विकायला एथिल नावाची कंपनी काढली. नावात शिशाचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे तेलशुद्धी कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने, भ्रमिष्ट होऊन मेले. शिसं विषारी आहे हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही ते पेट्रोल जगभर पन्नास वर्षं बिनदिक्कत विकलं गेलं. भारतात ते २००० साली थांबलं आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ साली त्यातून बाहेर पडला. मधल्या काळात शहरांतल्या किती मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम झाला असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

यांनीच अमेरिकेतल्या ट्राम बंद पाडल्या का?

अर्धं खरं. जनरल मोटर्स, टायर बनवणारी फायरस्टोन आणि काही तेल कंपन्यांनी पैसा घातलेली नॅशनल सिटी लाइन्स ही कंपनी गावोगावच्या ट्राम सेवा घेऊन तिथे बस आणत होती. १९४९ साली न्यायालयाने बस आणि सामान विकण्यात मक्तेदारीचा कट केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं. दंड झाला ५,००० डॉलर, आणि एका अधिकाऱ्याला तर १ डॉलर. पण ट्राम सेवा आधीपासूनच तोट्यात होत्या, मोटारी वाढल्या होत्या, भाडं वाढवायला पालिका परवानगी देत नव्हत्या. सगळा दोष एका कंपनीवर टाकला तर बाकीचे सुटतात.

भरभराटीचा काळ कोणता?

१९५० चं दशक. १९५५ साली एका वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्त नफा कमावणारी ती पहिली अमेरिकन कंपनी ठरली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जवळपास दर दोन गाड्यांतली एक तिची असे. मोटारीपलीकडेही तिचा हात पोचला होता. १९५२ साली डेट्रॉइटमध्ये डॉ. डॉड्रिल यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरलेलं कृत्रिम हृदययंत्र तिच्या संशोधन विभागाने बनवलं होतं. १९७१ साली चंद्रावर फिरलेल्या गाडीची चाकंही तिच्याच माणसांनी तयार केली.

राल्फ नेडर यांच्याशी झालेला वाद काय होता?

शेव्हरोले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांची मागची चाकं वळणावर दगा देतात, असं नेडर या तरुण वकिलांनी १९६५ साली पुरावे मांडून लिहिलं. उत्तर देण्याऐवजी कंपनीने त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. प्रकार उघड झाला आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. पुढे नेडर यांना तडजोडीत ४,२५,००० डॉलर मिळाले, ते त्यांनी ग्राहकहिताच्या कामालाच लावले.

एवढी मोठी कंपनी घसरली कशी?

जपानी गाड्या, तेलाचे वाढलेले भाव, निवृत्तांच्या औषधपाण्याचा खर्च ही कारणं सगळे सांगतात आणि ती बरोबरच आहेत. १९७९ साली जगभर तिच्याकडे साडेआठ लाखांच्या आसपास माणसं कामाला होती. पुढे विक्री घटली, पण त्यांना दिलेली पेन्शनची वचनं कायम राहिली.

मला दोन गोष्टी जास्त बोचतात. पहिली म्हणजे स्लोनची शिडीच त्यांनी मोडली. खर्च वाचवायला एकच सांगाडा सगळ्यांना दिला आणि बिल्ले बदलले. १९८० च्या दशकातली कॅडिलॅक सिमेरॉन म्हणजे उघडउघड शेव्हरोले कॅव्हेलिअर होती. वरची पायरी खालच्या पायरीसारखीच दिसू लागली तर माणूस चढेल कशाला?

दुसरी गोष्ट फ्रीमाँटची. कॅलिफोर्नियातला हा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब माल यांसाठी बदनाम होता. जनरल मोटर्सने तो १९८२ साली बंद केला. १९८४ साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला, कामगार बहुतेक तेच. फरक एवढाच की आता चूक दिसली की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क प्रत्येक कामगाराला होता, आणि काम कसं सुधारावं हे त्याला विचारलं जात होतं. थोड्याच काळात तिथल्या गाड्या कंपनीतल्या सगळ्यात चांगल्या गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. धडा घरातच होता. तो बाकीच्या कारखान्यांत पोचायला कितीतरी वर्षं लागली. आज त्याच वास्तूत टेस्लाच्या गाड्या बनतात.

विजेची गाडी त्यांनी बनवून मोडून टाकली, ती गोष्ट काय?

१९९६ साली आलेली ईव्ही-१. हजारापेक्षा थोड्या जास्त गाड्या बनल्या, त्या फक्त भाडेकरारावर दिल्या. परवडत नाही म्हणून कंपनीने करार संपताच गाड्या परत घेतल्या. वापरणारे विकत मागत होते, विनवण्या करत होते, तरी बहुतेक गाड्या चिरडल्या गेल्या. काही संग्रहालयांना दिल्या, पण चालू होणार नाहीत अशा करून.

२००९ साली सरकारने कंपनीला वाचवलं, ते पैसे परत आले का?

पूर्ण नाही. २००७ साली ३८.७ अब्ज आणि २००८ साली ३०.९ अब्ज डॉलरचा तोटा झाला. आधी बुश सरकारने कर्ज दिलं. मग ओबामा सरकारने प्रमुख रिक वॅगनर यांना जायला लावलं. १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेर आली. अमेरिकन सरकारने एकूण सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले आणि जवळपास ६१ टक्के मालकी घेतली. डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे शेअर विकले तेव्हा दहा अब्जांहून जास्त रक्कम बुडाली होती. जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही. पाँटियाक आणि सॅटर्न बंद झाल्या.

वाचवणं योग्य होतं का, हे मला नेहमी विचारतात. माझं उत्तर हो असं आहे. सुट्या भागांचे पुरवठादार सगळ्यांना सामायिक असतात. जनरल मोटर्स अचानक पडली असती तर फोर्डचीही लाइन थांबली असती.

इग्निशन स्विचचं प्रकरण काय होतं?

चावीचा स्विच ठरल्यापेक्षा सैल होता. जड जुडग्याच्या ओढीने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालू गाडीत बंद व्हायचा. इंजिन थांबायचं, स्टीअरिंग जड व्हायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या काहींना हे कित्येक वर्षं माहीत होतं. मधेच स्विच बदलला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे तपास करणारेही फसले. २०१४ साली छोट्या गाड्यांपैकी सुमारे २६ लाख परत बोलवाव्या लागल्या. भरपाईच्या प्रक्रियेत १२४ मृत्यू मान्य झाले.

मेरी बारा त्याच वर्षी जानेवारीत प्रमुख झाल्या होत्या. मोठ्या मोटार कंपनीच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांचे वडील पाँटियाकच्या कारखान्यात ३९ वर्षं डाय बनवत होते, आणि त्या स्वतः १८ व्या वर्षी शिकता शिकता तिथेच लागल्या.

भारतातून कंपनी का गेली? तळेगावचं काय झालं?

दुसरी खेळी १९९० च्या दशकात गुजरातेत हलोलला सुरू झाली. ओपेल अ‍ॅस्ट्रा आणि कोर्सा आल्या. २००३ पासून शेव्हरोलेचा बिल्ला आला आणि तवेरा महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रुळली. शिर्डी, पंढरपूर, अष्टविनायक अशा सहलींना दहा माणसं आणि टपावर सामान घेऊन ती कशी धावायची, ते आठवत असेल. सप्टेंबर २००८ मध्ये तळेगाव दाभाडेजवळच्या एमआयडीसीत नवा कारखाना उघडला. स्पार्क आणि बीट तिथल्याच.

चूक कुठे झाली? बिल्ले बदलले, मॉडेल आली आणि गेली, गिऱ्हाइकाचा विश्वास बसेना. जुनी शेव्हरोले विकायला काढली की भाव पडेल ही धास्ती. त्यात २०१३ साली प्रदूषण चाचणीतल्या गैरप्रकारामुळे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलवाव्या लागल्या आणि कंपनीने काही अधिकाऱ्यांना काढलं. २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबली. तळेगावात मात्र मेक्सिकोसारख्या देशांसाठी डाव्या स्टीअरिंगच्या बीट बनत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही संपलं. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी झालेला सौदा परकी गुंतवणुकीच्या नव्या नियमांत अडकून पडला. शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला आणि २०२४ च्या जानेवारीत व्यवहार पूर्ण झाला.

विकला गेला तो जमीन, इमारत आणि यंत्रांचा संच. हजाराहून जास्त कायम कामगारांचा प्रश्न त्यात मावला नाही. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. तिशी-पस्तिशीतली ही माणसं. ज्यांनी घराचं कर्ज काढलं होतं, त्यांना नव्या ठिकाणी शिकाऊ मुलांच्या पगारावर उभं राहावं लागलं. फ्लिंट १९३७ वाचताना मला हीच माणसं दिसतात.

आणि फ्लिंट आज कसं आहे?

१९७० च्या दशकात त्या एका परिसरात कंपनीची सुमारे ८०,००० माणसं कामाला होती. आता दहा हजारांच्या आत. कारखाने पाडले गेले, वस्त्या ओस पडल्या, नगरपालिकेची तिजोरी आटली. २०१४ च्या एप्रिलमध्ये काटकसर म्हणून शहराला फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. त्यावर नीट प्रक्रिया झाली नव्हती, त्यामुळे जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजत होते. शहरातल्या माणसांना मात्र ते आणखी एक वर्ष प्यावं लागलं.

या इतिहासातलं काही प्रत्यक्ष बघता येतं का?

फ्लिंटला गेलात तर ड्युरंट आणि डॉर्ट यांच्या घोडागाडीचा जुना विटांचा कारखाना बघा. जनरल मोटर्सने तो २०१३ साली विकत घेतला, डागडुजी केली आणि २०१७ साली उघडला. मोटार उद्योगाचे जुने कागद, पत्रं आणि छायाचित्रं तिथे अभ्यासकांसाठी ठेवली आहेत. इमारत वॉटर स्ट्रीटवर आहे. समोर तीच नदी वाहते.